रानमेव्याचं रसायन (लेखांक ४) : कोंबडा की कोंबडी?

जांभळाचा तुरटपणा कुठून येतो ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आज करवंदाची पाळी. करवंदाच्या जाळीपाशी ज्यांचं बालपण गेलं त्यांना हा खेळ ठाऊक असतोच. पिकलेलं करवंद फोडायच्या आधी समोरच्याला विचारायचं, ‘कोंबडा की कोंबडी?’ आतून लालभडक निघालं तर कोंबडा, पांढरट-गुलाबी निघालं तर कोंबडी.

हा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांचा. फळ पिकताना सालीतलं हिरवं हरितद्रव्य ओसरतं आणि अँथोसायनिन इतकं दाट साठतं की साल काळी दिसू लागते. ‘कोंबड्या’त ते गरातही भरपूर उतरलेलं असतं. जांभूळ, कोकम आणि परदेशातून येणारी महागडी ब्लूबेरी यांचे रंगही याच कुळातले. घरी करून पाहा. पांढऱ्या वाटीत दोन-चार करवंदं कुस्करा, पाणी घाला आणि लिंबू पिळा. रंग लाल खुलतो. आता चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, तोच रंग निळसर-काळपट होतो. आम्लता बदलली की या रेणूची ठेवण बदलते, म्हणून हा पालट. करवंदांनी माखलेले हात साबणाने धुताना निळसर पडतात तेही यामुळेच.

आता मुख्य मुद्दा. आपल्या पेशी ऑक्सिजन वापरतात तेव्हा काही रेणूंमध्ये एक इलेक्ट्रॉन जोडीविना उरतो. हे मुक्त मूलक, म्हणजे फ्री रॅडिकल, शेजारच्या स्निग्ध पदार्थाचा, प्रथिनाचा, अगदी डीएनएचाही इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि त्याला बिघडवतात. वार्धक्य या झिजेतून येतं, अशी मांडणी डेनम हार्मन यांनी १९५६ मध्ये केली. अँथोसायनिन अशा मूलकाला आपल्याकडचा हायड्रोजन देऊन शांत करतं. तसं करताना ते स्वतः फारसं उपद्रवी होत नाही, कारण उरलेला एकटा इलेक्ट्रॉन त्याच्या कड्यांवर पसरून राहतो. अँटिऑक्सिडंट म्हणतात ते याला.

परीक्षानळीत हे लख्ख दिसतं. तिथल्या मोजमापावरून फळांना गुण देण्याची टूम निघाली आणि डबाबंद पावडरींवर मोठमोठे आकडे झळकू लागले. अमेरिकेच्या कृषी खात्याने मात्र २०१२ मध्ये अशा आकड्यांची आपली यादी मागे घेतली, कारण त्यांवरून शरीरात काय घडेल ते सांगता येत नव्हतं. खाल्लेल्या अँथोसायनिनचा अगदी थोडा भाग जसाच्या तसा रक्तात पोचतो. बराचसा मोठ्या आतड्यात जातो, तिथले जिवाणू त्याचे लहान तुकडे करतात. या तुकड्यांमुळे पेशींची स्वतःची संरक्षक विकरं जागी होत असावीत, असं आज अनेक संशोधक मानतात. मला हे त्या आकड्यांपेक्षा कितीतरी विलक्षण वाटतं.

गोळ्यांच्या बाबतीत तर सावधच राहायला हवं. फिनलंडमध्ये सुमारे २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. बीटा-कॅरोटिन हे अँटिऑक्सिडंट गोळीतून घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढलेला आढळला. शिवाय मुक्त मूलक सरसकट वैरी नाहीत. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला तेच वापरतात.

म्हणून करवंद फळ म्हणूनच खावं, सालीसकट, ताजं आणि पुरतं पिकलेलं. कच्च्याचं लोणचं झकास लागतं, पण त्यात हा रंग अजून तयारच झालेला नसतो. सरबत किंवा जॅम करणार असाल तर फार वेळ उकळू नका आणि बाटली उजेडात ठेवू नका. उष्णता, प्रकाश आणि हवा तिन्हींनी अँथोसायनिन विरतं. रस तपकिरी दिसू लागला की ते बरंचसं गेलं असं समजावं.

पुढच्या आठवड्यात कोकम. तिथे रंगाबरोबर एका वेगळ्या आम्लाची ओळख करून घ्यायची आहे.