प्यादं दिलंत, बदल्यात काय घेतलंत?

तळा गावात दुकान उघडलं तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात सरसकट सूट दिली. गर्दी झाली, पण एकाही गिऱ्हाईकाचा नंबर लिहून घेतला नाही! चूक कळली ती बुद्धिबळ बघताना.

२६ जुलै २०२५, जॉर्जियातलं बाटुमी. महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीचा पहिला डाव. नागपूरच्या दिव्या देशमुखने क्वीन्स गॅम्बिट खेळत दुसऱ्याच चालीला प्यादं देऊ केलं, कोनेरू हम्पीने घेतलं. हे प्यादं फुकट जात नाही. बदल्यात पटाचा मध्य हाती येतो, प्यादंही बहुतेकदा परत मिळतं. दिव्याची मोठी संधी मात्र हुकली, डाव बरोबरीत सुटला. दुसराही बरोबरीत. २८ला टायब्रेकमध्ये तीच जिंकली.

आता तुमची ओपनिंग ऑफर कागदावर लिहा: सूट किती, आणि बदल्यात काय घेणार?