ओल्या धाग्याची ताकद

भिवंडी म्हणजे यंत्रमागांचं शहर. मागावर चढण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावतात. सतत घासलं जाऊनही सूत तुटू नये, म्हणून पिष्टाचा पातळ थर त्यावरचे बारीक तंतू दाबून धरतो. पुढे प्रक्रियेत ही खळ धुऊन निघते. त्यानंतरचं सगळं घर्षण धाग्याने एकट्याने सोसायचं असतं. म्हणूनच जीन्स चेन लावून आणि उलटी करूनच धुवावी.

खरी गंमत पाण्यात आहे. सुती धागा ओला झाला की अधिक मजबूत होतो, त्यामुळे सुती चादर धोपटणं बरंच सोसते. रेयॉनचं नेमकं उलट. तोही सेल्युलोजचाच, पण त्याच्या साखळ्या आखूड आणि विस्कळीत. पाणी आत शिरलं की त्याची जवळजवळ निम्मी ताकद जाते. रेयॉनची कुर्ती पिळू नका, हलक्या हाताने दाबून पाणी काढा आणि आडवी पसरून सावलीत वाळवा. दुकानात ‘कॉटनसारखंच आहे’ असं सांगून विकतात, त्यावर जाऊ नका. आतल्या बाजूची पट्टी वाचा.

रेशीम हे प्रथिन. डाग काढणाऱ्या पावडरीतली प्रोटिएज विकरं प्रथिनंच तोडतात, तेव्हा रेशमी साडीला ती पावडर लावूच नये.

आणि पावसाळ्याआधी कपाटातल्या सुती साड्यांची कांजी धुऊन टाका. दमट हवेत बुरशीला पिष्ट हे आयतं खाद्य मिळतं.