स्त्रीबीजदान : आधी माहिती, मग सही

रक्तदानाला अर्धा तास पुरतो. स्त्रीबीजदानाला जवळजवळ दोन आठवडे द्यावे लागतात, तेही रोज सुई टोचून घेत. त्यामुळे होकार देण्याआधी शरीरात काय घडणार आहे, हे दात्रीला ठाऊक असायलाच हवे.

दर महिन्याला अंडाशयात अनेक बीजपुटिका वाढू लागतात. त्यांतली सहसा एकच पूर्ण पिकते, उरलेल्या विरून जातात. या विरणाऱ्या पुटिकांनाही इंजेक्शनांनी वाढवायचे, एवढीच यातली युक्ती. पुढच्या महिन्यांच्या साठ्याला हात लागत नाही. म्हणूनच ‘पाळी लवकर जाईल’ ही धास्ती अनाठायी आहे.

सुरुवात रक्त तपासणीने होते : एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस. मग पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून एफएसएच या संप्रेरकाची इंजेक्शने पोटाच्या कातडीखाली घ्यायची. अधूनमधून सोनोग्राफी होते. पडद्यावर पुटिका काळ्या गोलांसारख्या दिसतात आणि डॉक्टर एकेकीचा व्यास मोजत जातात. मोठ्या पुटिका 18 ते 20 मिलिमीटर भरल्या की ‘ट्रिगर’ इंजेक्शन. त्याची वेळ चुकवून चालत नाही, कारण त्यानंतर साधारण 34 ते 36 तासांनी बीजे काढायची असतात. उशीर झाला तर पुटिका आपोआप फुटतात आणि बीजे हातची जातात. भूल देऊन, सोनोग्राफीत बघत, योनिमार्गातून सुई घालून बीजे ओढून घेतात. टाके पडत नाहीत. सहसा त्याच दिवशी घरी जाता येते.

पुढचे काही दिवस पोट फुगते, ओटीपोट दुखते. मात्र वजन भराभर वाढले, लघवी कमी झाली किंवा धाप लागली, तर लगेच रुग्णालय गाठावे. अंडाशय अतिउत्तेजित झाल्याने रक्तवाहिन्यांतून पाणी पोटात झिरपत असल्याची ही लक्षणे असू शकतात. योग्य ट्रिगर निवडला तर हा धोका बराच घटतो. क्वचित रक्तस्राव किंवा जंतुसंसर्गही होतो. या काळात दात्रीला स्वतःलाच गर्भ राहू शकतो, हेही विसरू नये.

सहाय्यक प्रजननाविषयीच्या 2021च्या भारतीय कायद्यानुसार दात्रीचे वय 23 ते 35 हवे. आयुष्यात एकदाच दान करता येते आणि सातपेक्षा जास्त बीजे काढता येत नाहीत. तिचा 12 महिन्यांचा विमा उतरवणे बंधनकारक आहे आणि बीजांची विक्री हा गुन्हा आहे. होणाऱ्या मुलावर दात्रीचा हक्क राहत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2024मध्ये, बहिणीसाठी बीज दिलेल्या एका स्त्रीच्या प्रकरणात हेच स्पष्ट केले.

तेव्हा सही करण्यापूर्वी तीन गोष्टी मागाच : बीजपेढीचा नोंदणी क्रमांक, विम्याची प्रत आणि रात्री-अपरात्री उचलला जाईल असा डॉक्टरांचा फोन नंबर. यातले एकही देताना कोणी टाळाटाळ केली, तर सरळ नकार द्या.