छपाई अडली? आधी ‘स्पूलर’ तपासा

व्यापारी बंधूंनो, लग्नसराईची गर्दी आहे, कापड फाडून झाले आहे, गिऱ्हाईक पैसे काढून उभे आहे आणि बिल काही छापून निघत नाही. अशा वेळी कोणी प्रिंटर उचलून थेट तापकीर गल्ली गाठतो, कोणी कारागीर बोलावून सगळा संगणक फॉरमॅट करून घेतो. त्यात जुना हिसाब गेला तर नुकसान वेगळेच! पुष्कळदा दोष प्रिंटरचा नसतोच.

विंडोजच्या संगणकात ‘प्रिंट स्पूलर’ नावाची सेवा पडद्याआड चालू असते. पेढीवरच्या मुनीमासारखे तिचे काम. छापायचे कागद घ्यायचे, रांगेत लावायचे, एकेक करून प्रिंटरकडे सोपवायचे. ती बंद असेल तर नवा प्रिंटरही उपयोगाचा नाही.

संगणक जलद चालावा म्हणून काहीजण अशा सेवा सरसकट बंद करतात. हा नाहक उद्योग आहे. २०२१ मध्ये मात्र खुद्द मायक्रोसॉफ्टनेच स्पूलर बंद ठेवण्याचा उपाय सांगितला होता, कारण ‘प्रिंटनाइटमेअर’ या दोषातून परक्याला संगणकात शिरता येत होते. त्याच जुलैत दुरुस्ती आली. पण तेव्हा बंद केलेली सेवा आपण होऊन चालू होत नाही.

मूळ मांडणी आणणे सोपे आहे. संगणकाच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून विंडोजची कळ व ‘आर’ एकत्र दाबा. चौकटीत ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’ इंग्रजी अक्षरांत लिहून एंटर करा. यादीत ‘प्रिंट स्पूलर’वर दोनदा क्लिक करा. ‘स्टार्टअप टाइप’ मूळचा ‘ऑटोमॅटिक’ असतो, तोच निवडा. ‘अप्लाय’ व नंतर ‘स्टार्ट’ दाबा. ‘लॉग ऑन’मध्ये ‘लोकल सिस्टिम अकाउंट’ असावे.

एवढ्यावरून सगळ्याच सेवांना ‘ऑटोमॅटिक’ करू नका. विंडोज १० मध्ये ‘विंडोज अपडेट’ मूळचीच ‘मॅन्युअल’ आहे, गरजेला ती आपोआप जागी होते. बदलण्यापूर्वी जुनी नोंद वहीत टिपून ठेवा.

सेवा चालू असूनही एखादे बिल रांगेत अडकून बसले असेल, तर स्पूलर ‘स्टॉप’ करा. विंडोजच्या ‘सिस्टिम ३२’ फोल्डरमध्ये ‘स्पूल’ आणि त्यात ‘प्रिंटर्स’ हे फोल्डर आहे. आतल्या फाइली तेवढ्या काढा, फोल्डर राहू द्या. मग पुन्हा ‘स्टार्ट’ करा. रांगेतली बाकीची बिलेही यात जातात, ती नव्याने छापायला द्यावी लागतील.