धूलकोटच्या आकाशातली खरी चाल

बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या धूलकोटला अंधाऱ्या रात्री उत्तरेकडे पाहिले, तर ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे २१ अंशांवर दिसतो. हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींएवढा उंच. सप्तर्षी त्याच्याभोवती तासाला १५ अंश सरकतात, ध्रुव मात्र जवळजवळ जागचा हलत नाही. निरनिराळ्या अंतरांवरचे हजारो तारे एकाच चालीने कसे फिरतील? फिरते ती पृथ्वी, आणि तिचा आस ध्रुवाच्या दिशेला आहे. आर्यभटाने इ.स. ४९९च्या ग्रंथात चालत्या नावेचा दाखला देऊन हेच सांगितले: नावेतल्या माणसाला काठ मागे जाताना दिसतो.

वराहमिहिराने विचारले, मग घार घरट्याकडे परतते कशी? हा आक्षेप मुळीच खुळा नव्हता. पण धावत्या एसटीत वर उडवलेले नाणे पुन्हा हातातच पडते, कारण गाडीचा वेग त्यातही असतो. धूलकोट ताशी सुमारे १,५५० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते, तेव्हा तिथली हवा आणि घारही सोबतच जातात. थेट पुरावा १८५१मध्ये पॅरिसला फूकोच्या लंबकाने दिला. असा लंबक धूलकोटला टांगला, तर त्याच्या झोक्याची दिशा तासाला साधारण साडेपाच अंशांनी वळेल.