कंट्रोलरला टूल दिसत नाही

छंद म्हणून सीएनसी राउटर बांधणाऱ्यांच्या मनात एक गैरसमज फार खोल रुजलेला असतो: टूल या क्षणी नेमके कुठे आहे, हे कंट्रोलरला ठाऊक असते. स्क्रीनवर एक्स, वाय, झेडचे आकडे तीन दशांश स्थळांपर्यंत पळत असतात, तेव्हा तसे वाटणे साहजिकच आहे. पण ते आकडे मोजून आलेले नसतात. किती पल्स पाठवले याचा तो हिशेब असतो.

अर्डुइनो उनोवर जीआरबीएल हे फर्मवेअर चालवले की ते जी-कोडची ओळ वाचते आणि प्रत्येक अक्षाच्या ड्रायव्हरला दोन संकेत देते: एक पाऊल टाक, आणि या दिशेने टाक. ड्रायव्हर त्यानुसार मोटरच्या दोन कॉइलमधला करंट बदलतो आणि मोटर फिरते. पूर्ण पाऊल १.८ अंशांचे, म्हणजे एका फेऱ्यात २०० पावले. मोटर खरोखर फिरली का, हे सांगणारी एकही तार परत येत नाही. बिट लाकडात अडकून मोटर जागीच घुरघुरत राहिली तरी कंट्रोलर पुढचे पल्स निवांत पाठवत राहतो. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी २००९ मध्ये जीआरबीएल लिहायला घेतले, तेव्हापासून ही रचना तीच आहे, आणि स्वस्तातले जवळजवळ प्रत्येक हॉबी यंत्र याच भरवशावर चालते. म्हणून कंट्रोलरच्या वायरिंगकडे मी एकाच नजरेने पाहतो: पाठवलेला प्रत्येक पल्स पाऊल झालाच पाहिजे, आणि न पाठवलेला एकही संकेत आत शिरता कामा नये. खालचे बहुतेक गैरसमज या दोनपैकी एक गोष्ट विसरल्याने होतात.

«मोटर २.८ व्होल्टची आहे, २४ व्होल्ट दिले तर जळेल»

लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत मोटर घेताना हा प्रश्न हमखास निघतो. नेमा १७ मोटरच्या माहितीपत्रकावर १.७ अँपिअर, २.८ व्होल्ट असे काहीतरी लिहिलेले असते. (१७ हा आकडा ताकदीचा नाही. मोटरचा दर्शनी चौकोन १.७ इंचांचा आहे, एवढाच त्याचा अर्थ.) ते २.८ व्होल्ट म्हणजे मोटर स्थिर असताना कॉइलमधून १.७ अँपिअर वाहण्यासाठी लागणारा दाब. आजचे ड्रायव्हर करंट मोजतात आणि ठरवलेली मर्यादा गाठली की पुरवठा क्षणभर तोडतात. हे सेकंदाला हजारो वेळा चालते. त्यामुळे मागे २४ व्होल्ट असले तरी कॉइलमधून जातो तो आपण ठरवलेलाच करंट.

मग जास्त व्होल्ट हवेत कशाला? वेगासाठी. कॉइलमध्ये इंडक्टन्स असतो, करंट तिच्यात एकदम चढत नाही. एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकवणारा स्क्रू मिनिटाला ३००० मिलिमीटर वेगाने चालवायचा, तर मोटर मिनिटाला ३७५ फेरे घेते, आणि एका पूर्ण पावलाला वेळ मिळतो ०.८ मिलिसेकंद. कॉइलचा इंडक्टन्स ३ मिलिहेन्री धरला, तर १.७ अँपिअरपर्यंत चढायला १२ व्होल्टवर सुमारे ०.४२ मिलिसेकंद लागतात, २४ व्होल्टवर त्याच्या निम्मे. यात कॉइलचा रोध आणि फिरत्या मोटरचा उलटा व्होल्टेज धरलेला नाही. ते धरले की १२ व्होल्टची अवस्था आणखी बिकट होते. पाऊल संपत आले तरी करंट पुरता चढलेला नसतो, ताकद पडते आणि पाऊल चुकते. दोष मात्र सॉफ्टवेअरच्या माथी मारला जातो.

व्होल्टेजची वरची मर्यादा मोटरची नव्हे, ड्रायव्हरची पाहायची. उनोवर बसणाऱ्या सीएनसी शील्डवर १२ ते ३६ व्होल्ट असे छापलेले असते, पण त्यावर बसणाऱ्या ए४९८८ ची कमाल मर्यादा ३५ आहे. डीआरव्ही८८२५ ४५ पर्यंत जातो. तेव्हा ए४९८८ लावून ३६ व्होल्टचा एसएमपीएस जोडणे म्हणजे ड्रायव्हर घालवणे.

याचाच जुळा गैरसमज अँपिअरचा. जास्त अँपिअरचा एसएमपीएस मोटर जाळत नाही. त्यावरचा आकडा तो जास्तीत जास्त किती देऊ शकेल हे सांगतो. उलट बाजूने काही जण तीन मोटरी, प्रत्येकी दोन कॉइल, प्रत्येकी १.७ अँपिअर असा गुणाकार करून १०.२ वर पोहोचतात. पण कॉइलमधले १.७ अँपिअर २.८ व्होल्टवरचे आहेत. एका स्थिर मोटरची उष्णता होते साडेनऊ वॉट, म्हणजे २४ व्होल्टच्या बाजूने अर्ध्या अँपिअरच्याही आत. चालताना ओझ्याचे वॉट त्यात वाढतात, तरी तीन नेमा १७ साठी २४ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस पुरून उरतो. तो चालू करण्याआधी कडेच्या फटीतली ११५/२३० ची सरकपट्टी मात्र पाहा. ती ११५ वर असेल तर आपल्या घरच्या २३० व्होल्टवर पहिल्याच क्षणी सगळे संपते.

«व्हीरेफ ०.८ वर ठेवा, झाले»

ड्रायव्हरवरच्या इवल्याशा स्क्रूने व्हीरेफ हा व्होल्टेज आणि त्यावरून करंट ठरतो, आणि एक आकडा पाठ करून सगळ्यांना तोच लावायची प्रथा पडली आहे. ए४९८८ वर सेन्स रोध ०.१ ओहम असेल तर ०.८ व्होल्टला १ अँपिअर मिळतो. त्याच ए४९८८ च्या दुसऱ्या बोर्डावर रोध ०.०५ ओहम असेल तर त्याच ०.८ ला २ अँपिअर होतात, आणि हीटसिंक नसलेला हा ड्रायव्हर जेमतेम १ अँपिअर झेपवतो. डीआरव्ही८८२५ वर ०.१ ओहमला तेच ०.८ व्होल्ट १.६ अँपिअर देतात. म्हणून आधी बोर्डावरचा रोध वाचा: आर१०० म्हणजे ०.१ ओहम, आर०५० म्हणजे ०.०५. शिवाय या दोन ड्रायव्हरांचा स्क्रू बोर्डाच्या विरुद्ध टोकांना असतो. स्क्रूची बाजू जुळवून बसवला तर ड्रायव्हर उलटा बसून जळतो. ईएन असे लिहिलेली पिन शील्डवरच्या ईएनशी जुळवणे हीच खरी खूण.

मायक्रोस्टेपिंग वाढवले की अचूकता वाढते, हेही असेच पाठांतर. १/१६ वर मोटर मऊ आणि कमी आवाजात चालते, हा खरा फायदा. पण एका मायक्रोस्टेपने मिळणारी जादा ताकद मोटरच्या धरून ठेवण्याच्या ताकदीच्या साधारण १० टक्के असते, १/३२ वर ५ टक्के. घर्षण त्याहून जास्त असेल तर पहिले एक-दोन मायक्रोस्टेप टूल हलवतही नाहीत. आणि वेगाची किंमत वेगळी मोजावी लागते. उनोवर जीआरबीएल सेकंदाला सुमारे ३०,००० पल्स देऊ शकते. ८ मिलिमीटरच्या स्क्रूवर १/१६ ला मिलिमीटरमागे ४०० पल्स होतात, वेगाला भरपूर वाव राहतो. २ मिलिमीटरचा स्क्रू आणि १/३२ असे जमवले तर तेच ३२०० होतात, आणि मिनिटाला ५६० मिलिमीटरच्या आसपास सगळे अडते.

«स्पिंडल सुरू केला की अलार्म येतो, म्हणजे लिमिट स्विच खराब»

या एका तक्रारीपायी किती चांगले स्विच फेकले गेले असतील! स्पिंडलचे बटण दाबले, यंत्र जागच्या जागी थांबले, स्क्रीनवर हार्ड लिमिटचा अलार्म आला, आणि कुणी स्विचला हातही लावलेला नव्हता. बहुतेक वेळा स्विच निर्दोष असतो, तार दोषी असते.

उनोच्या चिपमध्ये लिमिटची पिन एका अंतर्गत रोधाने ५ व्होल्टला बांधलेली असते, आणि हा रोध २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे फार अशक्त. त्या पिनला दीड-दोन मीटर लांब तार जोडली की ती अँटेनाच होते. शेजारून मोटरची तार जाते, तिच्यातला करंट सतत तुटत-जुळत असतो. व्हीएफडीवर (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) चालणारा स्पिंडल असेल तर गोंधळ कितीतरी पट मोठा. एवढा झटका पिनला पुरतो, आणि जीआरबीएलच्या दृष्टीने स्विच दाबला गेलेला असतो.

उपाय स्वस्त आहेत, पण ते केबल बांधण्याआधी सुचायला हवेत. लिमिटच्या तारा मोटरच्या तारांसोबत एकाच ड्रॅग चेनमध्ये एकमेकींना चिकटवून नेऊ नका. नेणे भागच असेल तर शील्डेड, पीळ दिलेली जोडी वापरा आणि तिचे शील्ड फक्त कंट्रोलरच्या टोकाला अर्थ करा. व्हीएफडी ते स्पिंडल या केबलचा नियम निराळा: तिथे शील्ड दोन्ही टोकांना अर्थ करतात, कारण तिथला उपद्रव फार वरच्या फ्रिक्वेन्सीचा असतो. पिनपाशी काही किलोओहमचा बाहेरचा पुल-अप आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर बहुतेक यंत्रे शांत होतात. व्हीएफडी असेल तर मी सरळ ऑप्टोकपलर लावा म्हणेन.

आणि स्विच नॉर्मली क्लोज्ड जोडा. शील्डसोबतच्या चित्रांत बहुधा नॉर्मली ओपन दाखवलेला असतो, कारण जीआरबीएलची मूळ सेटिंग तशी आहे. पण ओपन स्विचची तार तुटली तर कंट्रोलरला कळतच नाही, आणि गरज पडते त्याच दिवशी ते उघड होते. क्लोज्ड स्विचची तार तुटली की अलार्म लगेच येतो. शिवाय एरवी ती पिन स्विचमधून थेट ग्राउंडला घट्ट बांधलेली राहते, त्यामुळे तिथे नॉइज सहज शिरत नाही. बदल एकच करायचा: जीआरबीएलच्या सेटिंगमध्ये डॉलर-५ ($5) ची किंमत १.

याच जागी झेडच्या लिमिटचा एक जुना घोटाळा आहे. स्पिंडलचा वेग पीडब्ल्यूएमने बदलता यावा म्हणून जीआरबीएलच्या ०.९ मालिकेत स्पिंडल डी११ वर आणि झेडचा लिमिट डी१२ वर गेला. बाजारातल्या तिसऱ्या आवृत्तीच्या अनेक शील्डवर छपाई अजून जुनीच आहे. झेडचा स्विच झेड लिहिलेल्या पिनांना लावूनही होमिंग होत नसेल, तर तो स्पिंडल इनेबलच्या पिनांना लावून पाहा.

तारांच्या टोकांविषयी

मोटरच्या चार तारांचे रंग सगळीकडे सारखे नसतात. रंगावर न जाता मल्टिमीटरने जोड्या शोधा. मीटर हाताशी नसेल तर मोटर कशालाही जोडलेली नसताना दोन तारा एकमेकींना टेकवून शाफ्ट फिरवा, जड लागला तर ती एक कॉइल. मोटर उलटी फिरली तर एकाच कॉइलच्या दोन तारांची अदलाबदल पुरते, पण वीज बंद करून. चालू ड्रायव्हरची मोटर उपटली तर कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा ड्रायव्हरवर उलटते आणि त्याचा जीव जातो.

मल्टिस्ट्रँड तारेच्या टोकाला सोल्डर लावून स्क्रू टर्मिनलमध्ये आवळली की सांधा पक्का झाला, अशी समजूत आपल्याकडे फार जणांची आहे. सोल्डर मऊ असतो, सततच्या दाबाखाली तो हळूहळू पसरतो आणि काही महिन्यांनी स्क्रू सैल पडतो. राउटरसारख्या थरथरणाऱ्या यंत्रात तर लवकरच. सैल सांधा तापतो, मधूनच तुटतो. फेरूल किंवा थिंबल क्रिंप करा, सोल्डर नको.

«एमसीबी आहे, मग अर्थिंगची काय गरज»

एमसीबी तारेला जास्त करंटपासून वाचवतो. माणसाच्या अंगातून ३० मिलिअँपिअर वाहिले तर एमसीबीला पत्ताही लागत नाही. ते काम ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचे, आणि यंत्राचा सांगाडा अर्थ केलेला असणे त्याआधीचे. इथे ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलची एक अडचण आहे: त्यावरचा ॲनोडायझिंगचा थर वीज वाहू देत नाही. चार बोल्टने जोडलेले दोन प्रोफाइल एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने सुटे असू शकतात. जिथे अर्थची थिंबल बसवायची तिथला थर खरवडा, दातेरी वॉशर लावा, आणि प्रत्येक भागापासून अर्थपर्यंत मीटरने तपासा. अर्थच्या सगळ्या तारा एकाच बिंदूवर आणल्या की वरचा नॉइजचा त्रासही बराच कमी होतो.

आता लाल बटण. शील्डवर अबॉर्ट लिहिलेल्या पिनांना मशरूम बटण जोडून त्याला ई-स्टॉप म्हणायची सर्रास पद्धत आहे, आणि या सगळ्या गैरसमजांत तीच मला सर्वांत धोक्याची वाटते. ती पिन फक्त जीआरबीएलला रीसेट व्हायला सांगते. राउटर मोटर वेगळ्या स्विचवर असेल तर ती फिरतच राहते. अर्डुइनो अडकला असेल तर तोही ऐकत नाही. खरा ई-स्टॉप म्हणजे दाबला की अडकून राहणारा, नॉर्मली क्लोज्ड संपर्काचा, आणि कॉन्टॅक्टरमार्फत स्पिंडल व मोटरींची वीज प्रत्यक्ष तोडणारा. बटण सोडले म्हणून यंत्र आपोआप सुरू होता कामा नये, त्यासाठी वेगळे स्टार्ट बटण हवे. काम फक्त थांबवायचे असेल तर फीड होल्ड वापरा. त्यात वेग क्रमाने उतरतो आणि पावलांचा हिशेब टिकतो. चालत्या यंत्रावर रीसेट केले की जीआरबीएल स्वतःच जागा हरवल्याचा अलार्म देते. व्हीएफडीचे झाकण उघडायचे असेल तर वीज बंद केल्यावरही थांबा, आतले कपॅसिटर काही मिनिटे भारलेले असतात.

जोडणी झाल्यावर लगेच लाकूड कापू नका. आधी डॉलर-१ ची किंमत २५५ करा. मूळ सेटिंगमध्ये मोटर थांबल्यावर क्षणार्धात करंट बंद होतो आणि अक्ष जागेवरून किंचित सरकू शकतो. मग अक्षाला डायल गेज लावा, शून्य करा आणि यंत्र शेकडो वेळा पुढे-मागे पळवून परत शून्यावर आणा. गेजने दाखवलेला फरक ठरावीक राहत असेल, वाढत नसेल, तर तो स्क्रू-नटातला बॅकलॅश आहे, वायरिंगचा संबंध नाही. फेऱ्यांच्या संख्येसोबत फरक एकाच दिशेने थोडा थोडा वाढत असेल तर डीएम५४२सारख्या ऑप्टो ड्रायव्हरवर पल्सची कड उलटी लागली आहे का पाहा, कारण तसे झाले की दिशा बदलताना दर वेळी एक मायक्रोस्टेप निसटतो. डॉलर-२ बदलून पुन्हा तपासा. एकदम मिलिमीटरभर उडी दिसली तर मोटर कुठेतरी अडून थांबली आहे: प्रवेग कमी करा, करंट तपासा. आणि शून्यावर गेज बिनचूक येत असूनही १०० मिलिमीटरचा तुकडा ९८ भरत असेल, तर एकही पल्स हरवलेला नाही. मिलिमीटरमागे पल्स किती, हा डॉलर-१००, १०१, १०२ मधला आकडा चुकला आहे.