देव्हाऱ्यातील घोडेस्वार

जुन्या हिंगणे बुद्रुकच्या, म्हणजेच आजच्या कर्वेनगरच्या, देव्हाऱ्यांत बाळकृष्ण-अन्नपूर्णेशेजारी अनेकदा बोटभर उंचीचा खंडोबा असतो आणि महाराष्ट्रातील धातुशिल्पाची प्रतीकभाषा समजून घेण्यास ही इवलीशी मूर्ती पुरेशी ठरते.

कांस्य म्हणजे तांबे व कथील यांचा मिश्रधातू, ज्याची तळपाय घासायची वाटी घरोघरी ओळखीची आहे. देवाच्या मूर्ती मात्र बहुधा पितळेच्या, म्हणजे तांबे व जस्ताच्या असतात, तरी कलेच्या इतिहासात दोहोंना सरसकट कांस्यच म्हटले जाते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या इ. स. 1130च्या सुमाराच्या ग्रंथात ओतकामाची कृती आली आहे: मेणाची मूर्ती घडवून ती तोलायची, कारण धातू किती लागेल ते त्या वजनावरून ठरते, मग तिच्यावर मातीचे लेप देऊन, ते वाळल्यावर तापवून मेण वितळवून काढायचे आणि उरलेल्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. मूर्ती काढताना साचा फोडावाच लागत असल्याने अशी प्रत्येक मूर्ती एकुलती एक असते.

खंडोबा हा शिवाचा मार्तंडभैरव अवतार असल्याने त्याच्या चार हातांपैकी दोहोंत त्रिशूळ व डमरू ही शिवाची ओळख असते, तर खड्ग मणि-मल्ल दैत्यांच्या वधाची खूण असते आणि चौथ्या हातात पानपात्र असते. शरण आलेल्या मणीने आपला पांढरा घोडा देवाला अर्पण केला, असे कथा सांगते. म्हणजे देवाचे वाहन ही मुळात शत्रूची भेट होय. घोड्यावर सोबत पत्नी म्हाळसा, पायांशी कुत्रा आणि खुरांखाली दैत्य, एवढा सारा प्रसंग कारागीर वीतभराहूनही कमी जागेत बसवतो.

टाक हा याच प्रतिमेचा सपाट अवतार असून, पातळ पत्रा ठशावर ठोकून तो उठवलेला असतो व मागून पोकळ राहतो. रोजच्या पूजेत त्याचे नाकडोळे झिजतात, खाचांत भंडारा साचतो, घोडा नुसता उंचवटा उरतो; मग घरचे लोक तो उजळून घेण्यासाठी सोनाराकडे नेतात.